शेंद्र्याची मोटार आणि वेरूळची वाट

पुण्याहून छत्रपती संभाजीनगरकडे जाणारा रस्ता आपल्या समाजातील फार थोड्या कुटुंबांना अपरिचित असेल. वाघोली, शिक्रापूर, शिरूर, सुपे, अहिल्यानगर, घोडेगाव, नेवासे फाटा, प्रवरासंगम, वाळूज अशी गावे ओलांडीत जाणाऱ्या या वाटेवर ठिकठिकाणी आपल्या माणसांची किराणा, कापड, भुसार किंवा सोन्याचांदीची पेढी आहे आणि पेढीपासून हाकेच्या अंतरावर एखादे स्थानक किंवा मंदिर आहे. गेल्या कार्तिकी पौर्णिमेनंतर आठवड्याभराने आम्ही उभयता याच वाटेने वेरूळची जैन लेणी पाहण्यास निघालो. ज्या मोटारीतून निघालो तिची जुळणी या वाटेच्या दुसऱ्या टोकाला, शेंद्र्याच्या औद्योगिक वसाहतीत झालेली. त्यामुळे प्रवासाबरोबर मोटारीविषयीही लिहिणे भाग आहे.

मोटार म्हणजे स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस, २०१८ सालची, दुसऱ्या हाताने घेतलेली. दिसायला चार दारांची, मागे प्रशस्त डिकी असलेली सालस कुटुंबवत्सल गाडी. पेढीवरच्या शेठजींनी वापरावी अशी. परंतु बॉनेटखाली दोन लिटरचे टर्बो पेट्रोल इंजिन असून त्याची शक्ती २३० अश्वशक्ती, म्हणजे साध्या कौटुंबिक मोटारीच्या अडीच-तीन पट. उभ्या अवस्थेतून ताशी १०० किलोमीटरचा वेग ही गाडी ६.८ सेकंदांत गाठते. नवकार मंत्राची पहिली पाच पदे शांतपणे म्हणावयाची तरी याहून अधिक वेळ लागतो.

या कंपनीचा पूर्वेतिहास व्यापारी वाचकांना आवडण्याजोगा आहे. चेक देशातील म्लादा बोलेस्लाव या गावी व्हाक्लाव क्लेमेंट नावाचा एक पुस्तकविक्रेता होता. त्याची सायकल नादुरुस्त झाली म्हणून त्याने जर्मन उत्पादकाच्या कचेरीला आपल्या मातृभाषेत पत्र लिहिले. ‘आम्हांस समजेल अशा भाषेत लिहा,’ असे उत्तर आले. त्या अपमानातून क्लेमेंटने व्हाक्लाव लॉरिन या कुशल कारागिराला हाताशी धरून १८९५ साली स्वतःचाच सायकलींचा व्यवसाय मांडला. सायकलीवरून मोटारसायकल, मोटारसायकलीवरून मोटार, आणि पुढे १९२५ मध्ये स्कोडा उद्योगसमूहात विलीनीकरण, असा तो प्रवास. गिऱ्हाइकाच्या पत्राला कसे उत्तर देऊ नये याचे एवढे खणखणीत उदाहरण मला बँकेतील प्रशिक्षणवर्गातही मिळाले नव्हते. २००१ साली ही कंपनी शेंद्र्याला आली, तेव्हा तिची पहिली गाडी ऑक्टाव्हियाच होती. २०२३ मध्ये उत्सर्जनाचे नवे निकष लागू होताना तिची येथील निर्मिती थांबली. त्यामुळे माझी गाडी आता बंद झालेल्या मालातील शिल्लक नग आहे.

नवी असताना तिची शोरूम किंमत सुमारे २५ लाख होती. मी ती १७ लाखांना घेतली. सौदा ठरवताना इंजिनापेक्षा अधिक वेळ मी कागदांवर घालविला आणि त्याचा उपयोग झाला. पहिल्या मालकाने कर्ज फेडल्याचे पत्र अभिमानाने पुढे केले, परंतु नोंदणी-पुस्तकात तारणाची नोंद तशीच होती. कर्ज फिटणे वेगळे आणि बोजा उतरणे वेगळे. वित्तसंस्थेच्या सहीचा नमुना ३५ परिवहन कार्यालयात दाखल होऊन नोंद खोडली जाईपर्यंत गाडी विक्रीस मोकळी नसते, आणि विमापत्रावरील वित्तसंस्थेचे नावही निराळे उतरवावे लागते. ते सारे झाल्यावरच नमुना २९ व ३० वर सह्या झाल्या आणि उरलेली रक्कम दिली. आपल्याकडे ओळखीच्या माणसाकडून गाडी घेताना ‘होईल हो नंतर’ म्हणून हे राहून जाते, म्हणून विस्ताराने सांगितले.

अशा वेगवान गाडीत आणखी दोन गोष्टी पाहाव्या लागतात. हौशी मालक इंजिनाच्या संगणकातील आज्ञावली बदलून शक्ती वाढवून घेतात. बाहेरून काही दिसत नाही, पण क्लच आणि टर्बोवरचा भार वाढतो आणि विमा कंपनीस कळविले नसेल तर दावा अडकू शकतो. जाणकाराकडून तपासून ही गाडी मूळ स्थितीत असल्याची खात्री करून घेतली. दुसरे म्हणजे टायर. टायरच्या कडेवर चार अंकांत निर्मितीचा आठवडा व वर्ष छापलेले असते. ३२१७ म्हणजे २०१७ चा ३२ वा आठवडा. नक्षी कितीही चांगली दिसली तरी सहा-सात वर्षांचे रबर ताठर झालेले असते, आणि ही गाडी रस्त्याला धरून ठेवणारी वस्तू म्हणजे ते चार तळहातांएवढे रबरच. चारही टायर पहिल्याच आठवड्यात बदलले.

आता खर्चाचा ताळेबंद. वर्षाला माझा वापर सुमारे ८,००० किलोमीटर. १७ लाखांवर सात टक्क्यांनी बुडालेले व्याज १,१९,००० रुपये, किमतीतील घट अंदाजे १,००,०००, विमा ३८,०००, देखभाल व टायर मिळून ४५,००० आणि पेट्रोल ७५,०००. बेरीज ३,७७,०००, म्हणजे किलोमीटरला सुमारे ४७ रुपये. लोक फक्त पेट्रोल मोजतात आणि गाडी स्वस्त पडते म्हणतात. पाच खर्चांत पेट्रोल तिसऱ्या क्रमांकावर आहे आणि पहिल्या क्रमांकावरचे व्याज तर कोणी लिहीतच नाही. सहा वेगांच्या स्वयंचलित पेटीचे तेल ६०,००० किलोमीटरला बदलावे लागते. विकणाऱ्याकडे त्याची पावती नसेल तर तेवढी रक्कम सौद्यातच वजा करावी. पेढीच्या नावावर गाडी असलेल्यांसाठी जाता जाता एक सूचना: घसारा घेतलेली मोटार नोंदणीकृत व्यापाऱ्याने विकली, तर विक्रीची किंमत आणि घसारा जाऊन उरलेली किंमत यांतील फरकावर १८ टक्के जीएसटी लागतो. फरक उणे असेल तर लागत नाही. आपल्या चार्टर्ड अकाउंटंटला विकण्याआधी विचारावे, विकल्यावर नव्हे.

परंतु खरा प्रश्न रुपयांचा नव्हता. गाडी दारात उभी राहिली त्या संध्याकाळी माझे मोठे बंधू आले, भोवती एक फेरी मारली आणि म्हणाले, “अरे, जन्मभर लोकांना ऐपतीपेक्षा मोठी गाडी घेऊ नका म्हणून सांगितलेस, आणि हे काय?” मी म्हटले, “दादा, ऐपतीत आहे, कर्ज नाही.” ते म्हणाले, “ऐपतीचे विचारले नाही. परिमाणाचे विचारले.”

श्रावकाच्या बारा व्रतांत परिग्रहाचे परिमाण पाचवे आणि दिशांचे परिमाण सहावे. किती ठेवावे आणि किती दूर जावे या दोन्हींना कुंपण घालावे असे सांगणाऱ्या परंपरेत आपण वाढलो. रोज धारण करावयाच्या चौदा नियमांत तर ‘वाहन’ आणि ‘दिशा’ हे दोन स्वतंत्र नियम आहेत. आज किती वाहने वापरीन आणि कोणत्या दिशेस किती जाईन. ज्यांनी हे नियम बांधले त्यांच्यापुढे बैलगाडी, घोडा आणि नाव एवढीच वाहने होती, तरीसुद्धा त्यांना कुंपणाची गरज वाटली. दादांना मी त्या दिवशी एवढेच उत्तर दिले की घरात दुसरी गाडी ठेवणार नाही. आधीची छोटी गाडी महिन्याभरात विकली. त्यांचे पूर्ण समाधान झाले असे म्हणता येणार नाही. ते आजही या गाडीत बसतात, परंतु पुढच्या आसनावर बसत नाहीत.

वेगाचा हिशेब मात्र मी त्यांना मांडून दाखविला आहे. १०० किलोमीटरचा मोकळा रस्ता ताशी १०० ने एका तासात सरतो, ताशी १२० ने ५० मिनिटांत. वाचतात ती दहा मिनिटे, सामायिकाच्या ४८ मिनिटांचा जेमतेम पाचवा भाग. आणि पुणे-नगर रस्त्यावर तेवढीही वाचत नाहीत, कारण वाघोली आणि शिक्रापूरची कोंडी २३० अश्वशक्तीला ओळखत नाही. मग अशा गाडीचा उपयोग काय, असे कोणी विचारील. उसाच्या दोन ट्रॉल्या ओढणाऱ्या ट्रॅक्टरला ओलांडताना समोरच्या दिशेत घालवावा लागणारा वेळ निम्म्यावर येतो, ब्रेक खात्रीचे लागतात आणि वळणावर गाडी डुलत नाही. हे गुण वेगाने न जाणाऱ्यालाही उपयोगी पडतात. बाकीचे, खरे सांगायचे तर, आवड आहे. इंजिनाचा तो एकसंध, न धापा टाकणारा जोर मला आवडतो आणि त्याला मी दुसरे नाव देत नाही.

रस्त्यांची गोष्ट वेगळी. टायरची कड केवळ चार इंचांची असल्यामुळे खड्डा थेट चाकाच्या धातूला भिडतो. गतिरोधकाची शास्त्रीय उंची दहा सेंटिमीटर आणि रुंदी ३.७ मीटर असावी असा भारतीय रस्ते परिषदेचा मानदंड आहे, परंतु गावोगावच्या मंडळींनी तो वाचलेला दिसत नाही. घोडेगावच्या अलीकडे एका गतिरोधकापाशी पत्नीने खाली उतरून, गाडी हलकी करून, मला तिरक्या रेषेत पलीकडे नेले. दुचाकीवर चाललेला एक शेतकरी थांबून म्हणाला, “काका, एवढी भारी गाडी आणि चालत नाही होय?”

आता त्या सकाळविषयी. आदल्या दिवशी आम्ही नगरला मुक्काम केला होता. सूर्यास्तापूर्वी चौविहार व्हावा म्हणून दुपारीच पुणे सोडले होते. आचार्य आनंदऋषीजी महाराजांच्या वास्तव्याने पुनीत झालेल्या या शहरात स्थानकवासी माणसाला परकेपणा वाटत नाही. सकाळी आनंदधामचे दर्शन घेऊन निघालो, तेव्हा सात वाजून गेले होते. इमामपूरचा घाट ओलांडल्यावर रस्ता ईशान्येकडे वळतो आणि कार्तिक-मार्गशीर्षातला कलता सूर्य नेमका चालकाच्या डोळ्यांत येतो. काच स्वच्छ होती, डोळ्यांवर काळा चष्मा होता, वेग सत्तरच्या आत होता. तरीही रस्त्याच्या कडेला काही पांढरे हलते आहे हे मला उशिरा दिसले आणि त्या पांढऱ्याभोवतीची चकाकणारी पिवळी जाकिटे त्याच्या बरीच आधी दिसली. पाच महासतीजींचा विहार चालला होता. पुढे-मागे विहारसेवेचे चार तरुण होते.

चातुर्मास संपला की या राज्यातील हमरस्त्यांवर आपले शेकडो साधू-साध्वी पायी निघतात. पूर्वी या वाटांवर बैलगाड्या होत्या. आता चौपदरी रस्ता आहे आणि त्याला पायवाट नाही. वाहनाच्या धडकेने साधू-साध्वींचा देह पडल्याच्या बातम्या आपण दर हिवाळ्यात वाचतो, शोकसभा घेतो आणि वाहनचालकाला दोष देतो. तो चालक कोण? अनेकदा आपल्यासारखाच कोणी तरी, दर्शनाला किंवा लग्नाला निघालेला. ताशी १०० च्या वेगात मोटार सेकंदाला जवळजवळ २८ मीटर जाते. धोका दिसून पाय ब्रेकवर पडेपर्यंत दीड सेकंद धरला तर ४२ मीटर, आणि उत्तम ब्रेक असले तरी पुढे थांबायला आणखी ४८. एकूण ९० मीटर. १२० च्या वेगात हेच अंतर १२० मीटरच्या घरात जाते. रात्री खाली झुकविलेल्या दिव्यांच्या प्रकाशात पायी चालणारा माणूस पन्नास-साठ मीटरवर दिसला तर नशीब. ईर्यासमितीने चालणारे साधू-साध्वी जुवाएवढी, म्हणजे सुमारे चार हात भूमी पाहून पाऊल टाकतात आणि तेवढ्यात मुंगीलाही वाचवितात. आपण चार हातांऐवजी शंभर मीटर मागतो, आणि तेवढे पाहत मात्र नाही.

गाडी पूर्णपणे रस्त्याखाली घेऊन, धोक्याचे दिवे लावून आम्ही उतरलो. “मत्थएण वंदामि, महासतीजी. सुखसाता आहे ना?”

“दया पाळो,” म्हणून थोरल्या महासतीजी थांबल्या. वय सत्तरीचे असावे. एका गुडघ्यावर पट्टी होती.

मी विनंती केली की पुढील मुक्कामापर्यंत मी गाडी सावकाश आपल्या मागे ठेवतो, दिवे चालू ठेवतो, म्हणजे मागून येणारा आपोआप बाजूने जाईल. त्या मंद हसल्या. “श्रावकजी, आमच्या निमित्ताने इंजिन चालणार, त्याचा आरंभ-समारंभ आमच्या माथी कशाला? तुम्ही जाणारच होता, तर जा. सावकाश जा, एवढेच.”

विहारसेवेतील एक तरुण, वाळूजला कारखान्यात नोकरी करणारा, मला बाजूला घेऊन म्हणाला, “काका, आम्हीही पूर्वी मागे गाडी ठेवायचो. पण महाराज साहेबांना चालत नाही. म्हणून आम्हीच जाकिटे घालून चालतो. माणसं कमी पडतात. रविवारी वीस येतात, मंगळवारी दोघं.”

त्याच्या बोलण्यात तक्रार नव्हती. तांत्रिकदृष्ट्याही माझी सूचना फारशी चांगली नव्हतीच, दुहेरी क्लचच्या पेटीला माणसाच्या चालीने तासभर सरपटणे मानवत नाही, क्लच तापतो. गाडी एका पेट्रोल पंपाच्या आवारात उभी केली, पंपवाल्याला सांगितले आणि आम्ही दोघे त्या तरुणाने दिलेली जाकिटे घालून पुढच्या गावच्या शाळेपर्यंत, जवळपास साडेतीन किलोमीटर, मागच्या बाजूने चाललो. तेवढ्या वेळात किती मोटारी किती जवळून गेल्या हे मी मोजत होतो. एकवीसपर्यंत मोजले आणि सोडून दिले. बसच्या वाऱ्याने महासतीजींचे वस्त्र उडत होते. आत बसून ८० चा वेग रांगण्यासारखा वाटतो, पण कडेला चालताना तोच वेग अंगावर येतो. परत गाडीपर्यंत येताना आम्ही एका उसाच्या बैलगाडीत बसलो. पत्नीचे म्हणणे पडले की आजच्या नियमात वाहन एकच धरले होते, आता दोन झाली.

प्रवरासंगमाला पूल ओलांडून दुपारी संभाजीनगर गाठले. वेरूळ दुसऱ्या दिवशी सकाळी. दौलताबादच्या किल्ल्याखालून, खुलताबादच्या घाटातून जाणारा जुना रस्ता अरुंद असला तरी तोच घ्यावा. मंगळवारी लेणी बंद असतात, हे ठरविण्यापूर्वी पाहावे. जैन लेणी, क्रमांक ३० ते ३४, रांगेच्या उत्तर टोकाला आहेत. बहुतेक यात्रेकरू कैलास पाहून दमतात आणि तेथूनच परततात, त्यामुळे येथे शांतता असते. इंद्रसभा हे नाव गैरसमजातून पडले. हत्तीवर बसलेल्या मातंग यक्षाला पाहणाऱ्यांनी इंद्र समजले. अंगणात अखंड खडकातील हत्ती आणि मानस्तंभ, आत आम्रवृक्षाखाली बसलेली अंबिका, वरच्या मजल्यावर छताला कमळ आणि जुन्या रंगांचे तुकडे. नवव्या-दहाव्या शतकातील या कामाचे कोरीवपण एवढे बारीक आहे की सोनाराच्या हातचे वाटावे.

पार्श्वनाथ आणि बाहुबली येथे बहुधा समोरासमोर कोरलेले असतात. एकीकडे उपसर्ग करणारे चहूबाजूंनी तुटून पडलेले आणि धरणेंद्राची फणा. दुसरीकडे बाहुबलींच्या पायांवरून, मांड्यांवरून चढत गेलेल्या वेली, आणि त्या हळुवार दूर करणाऱ्या दोन विद्याधरी. चक्रवर्ती भावाला जिंकून, हाती आलेले सारे सोडून, वर्षभर एका जागी उभा राहिलेला हा पुरुष. आमच्याशेजारी शाळेची सहल होती. एका मुलाने गुरुजींना विचारले, “सर, यांना उभं राहून वेल उगवेपर्यंत किती दिवस लागले?” गुरुजी वनस्पतिशास्त्राचे असावेत. त्यांनी विचार करून, जातीवर अवलंबून आहे, असे उत्तर दिले.

लेण्यांच्या वरच्या टेकडीवर पार्श्वनाथांची भव्य बैठी मूर्ती आहे. तिच्यावरील शिलालेख शके ११५६ चा, म्हणजे इसवी सन १२३४-३५ चा, आणि त्यात या टेकडीला चारणाद्री म्हटले आहे. पायऱ्या चढताना गुडघ्यांची आठवण येते. ज्येष्ठांनी सकाळीच चढावे.

परतीच्या दिवशी जालना रस्त्याने शेंद्र्याला गेलो. कारखान्यात आपणांस प्रवेश नसतो, आणि तशी अपेक्षाही नव्हती. बाहेरच्या चहाच्या टपरीवर गाडी लावली. टपरीवाला पन्नाशीचा गृहस्थ. चहा ओतता ओतता त्याने गाडीच्या मागची दोन अक्षरे पाहिली आणि किटली खाली ठेवून आला. सहा वर्षे तो आत कंत्राटी कामावर होता. “दाराची रबरपट्टी बसवायला असायचो मी,” तो म्हणाला, “ही लाल अक्षरांची गाडी लाइनवर आली की सगळे मान वर करून बघायचे.” किती किलोमीटर झाले विचारले. ७६,००० सांगितले. त्याने मागचे दार उघडले, वरच्या कोपऱ्यात पट्टी अंगठ्याने दाबीत खालपर्यंत आला, दार लावले आणि आवाज ऐकला. एके ठिकाणी थोडी भेग आहे, म्हणाला, पावसाळ्याआधी सिलिकॉनचे ग्रीस लावा. चहाचे पैसे घेतले नाहीत. आम्हांला सूर्यास्तापूर्वी कचनेरला पोहोचावयाचे होते, म्हणून लगेच निघालो.